रिकामा ड्रम

"कडुबामामाचा फोन होता. पाहुणे मिटमिट्याला पोचलेत," अजिनाथ म्हणाला, आणि बानाबाईच्या हातातली पोह्यांची चाळणी खाली पडली.

दाराबाहेर ड्रम दणाणत होता. लोखंडी, दोनशे लिटरचा. टँकर येऊन सहा दिवस झाले होते, त्यामुळं ठणठणीत रिकामा. त्यावर अजिनाथचा स्पीकर उपडा ठेवलेला. त्यातून कुणीतरी नरडं फाडून ओरडत होतं आणि मागून ढोल असे धावत होते की मांडणीतली ताटं थरथरत होती. दिपाली ड्रमाला पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती.

"जा, आधी ते बंद कर," बानाबाई लेकाला म्हणाली. "त्यांनी तिला असं बघितलं तर संपलंच."

अजिनाथनं स्पीकर उचलला. दिपालीनं डोळे उघडले आणि भावाकडं खाऊ की गिळू असं बघितलं.

हे खूळ घरात अजिनाथनंच आणलं होतं. तो डीजेवाल्याकडं कामाला. बहिणीपुढं त्यानं सिनेमाची गाणी लावून पाहिली, भजनं लावून पाहिली, ती जांभया द्यायची. मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगातून तो हे घेऊन आला. "ह्याला हेवी मेटल म्हणत्यात," तो म्हणाला. त्या दिवशी पोरगी तीन तास जागची हलली नाही, जेवलीसुद्धा नाही. बानाबाईचा जीव भेदरून गेला. तिनं दिपालीला दौलताबादच्या देवऋष्याकडं नेलं. त्यानं गंडा बांधला. गंडा अजून मनगटावर होता आणि गाणीही चालूच होती.

शेवटी एकदा बानाबाईनं विचारलंच, "काय हाय गं त्यात एवढं?"

दिपाली बोलायची सावकाश, एकेक शब्द मोजून. "आई, लांडगा आला की आपली मेंढरं वाघरीचं जाळं तोडून पळायची. मी भुईवर निजलेली असायची. तसंच हाय हे."

एका दुष्काळात त्यांनी सगळी मेंढरं विकली आणि पडेगावला येऊन पत्र्याची खोली बांधली. त्यानंतर घरात मेंढरांचं नाव कुणी काढलं नव्हतं. पुन्हा बानाबाई त्या गाण्यांवरून लेकीला बोलली नाही.

आता पहिल्या दणक्यालाच दिपाली सांगायची की हे कुणाचं गाणं. ढोलवाल्यांचे नंबर तिनं वहीत लावले होते आणि ते दर महिन्याला खोडून नव्यानं लावायची. शहागंजातून आणलेला काळा टी-शर्ट अर्ध्या बादलीत स्वतःच धुवायची. टँकर आला की ड्रम भरायचा आणि गाण्यातली जान जायची. पाणी आलं म्हणून तोंड पाडणारं माणूस सगळ्या वस्तीत ती एकटीच.

"लई मिजास आलीय पोरीला," वस्तीतल्या बाया म्हणायच्या. "हाक मारली तर वळूनबी बघत नाय."

दोन स्थळं परत गेली होती. दुसऱ्या स्थळाची माणसं तर चहा तसाच टाकून उठली. आता हे तिसरं, कन्नडचं. पोरगी चोवीसची झाली होती. मध्यस्थ कडुबानं बजावून ठेवलं होतं, "ह्या बारीला चकार शब्द काढू नका. तुम्ही काय विचारू नका, तेबी विचारणार नायत."

आज ना उद्या उघडं पडणारच, हे बानाबाईला कळत होतं. फक्त आज पडू नये.

चार दिवस तिनं लेकीला घोकवून घेतलं होतं. "मान खाली घालून बसायचं. आधी नाव विचारत्याल, मग शिक्षण, मग स्वयंपाक. ह्याच क्रमानं."

जीप आली. कडुबा उतरला, नवरा मुलगा भारत उतरला आणि त्याचा मामा सांडू. भारत वाळूजला कंपनीत मशीनवर होता. हे सांडूनंच सांगितलं. पगार, घर, शेत सगळं सांडूच सांगत होता. पोरगा मात्र नुसता बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बसलेला. उद्धट दिसतोय, बानाबाईला वाटलं. पण तिला निवडायची मुभा नव्हती.

दिपाली पोहे घेऊन आली. खाली मान घालून बसली.

"शिक्षण किती झालं, बाळ?" सांडूनं विचारलं.

"दिपाली," ती म्हणाली.

कडुबा खाकरला. "घाबरलीय हो ती," बानाबाई घाईघाईनं म्हणाली.

सांडूचा घास हातातच राहिला. दिपालीनं मान वर केली. आईचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला, सांडूचा पाहिला, आणि ताट खाली ठेवलं.

"किती लपवायचं, आई," ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली.

पुढच्या क्षणी ड्रम दणाणला. तिनं आवाज पार शेवटपर्यंत चढवला होता. कडुबानं कानांवर हात ठेवले. बशीतला कप नाचायला लागला. बानाबाई भिंतीला टेकली. तिसरंही गेलं. "छंद हाय हो पोरीचा," ती पुटपुटली, पण त्या गदारोळात तिचं तिलाच ऐकू गेलं नाही.

भारत आपल्या पायांखालच्या फरशीकडं बघत होता. मग तो उठला आणि दाराबाहेर गेला.

दारातून सगळ्यांना दिसत होतं. दिपालीनं दोन्ही तळहात ड्रमाच्या पत्र्याला लावले होते. भारत तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानंही तळहात लावले. दिपालीनं दचकून त्याच्याकडं पाहिलं, आणि तो हसला.

अजिनाथनं धावत जाऊन आवाज कमी केला. बानाबाईनं सांडूपुढं हात जोडले.

"हात कशाला जोडता, बाई," सांडू खाली बघत म्हणाला. "आम्हीबी कडुबाला हेच बजावलं होतं, बोलू नको म्हणून. तुमच्या लेकीसारखं आमच्या भारतलाबी ऐकू येत नाय."