कानांचं शिक्षण

सल्ला विचारायला आलेली ही या महिन्यातली चौथी जोडी होती, आणि प्यो मिरानने आता घड्याळाकडे बघणं लपवायचंही सोडून दिलं होतं. मांगवोन भागातल्या तिच्या तळघरातल्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत, समोरच्या सोफ्यावर, बाप आणि लेक दोन टोकांना बसले होते. मध्ये अक्रोडाच्या केकचा खोका होता. बापाने तो आल्या आल्या दोन्ही हातांनी पुढे केला होता. "कशाला उगाच," म्हणून तिने तो तिथेच ठेवून दिला होता.

बाप म्योंग इनशिक. सुवॉन शहरात त्याचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं आणि आज ते त्याने बंद ठेवलं होतं. लेक सोयुल ध्वनिमुद्रणाच्या पदवीला होती. चारातली दोन वर्षं झाली होती आणि तिला कॉलेज सोडायचं होतं. तिचं म्हणणं, तिथे दोन वर्षांत शिकवलं ते इंटरनेटवर दोन महिन्यांत शिकता येतं, एका बँडने आत्ताच काम देऊ केलंय, मग वर्गात बसून सूत्रं कशाला घोकायची? बापाचं म्हणणं, दोन वर्षं गेलीच आहेत, आणखी दोन जातील, पण हातात कागद तर राहील. येताना गाडीत दोघं एक अक्षरही बोलले नसणार, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"मॅडम, आता तुम्हीच सांगा," इनशिक म्हणाला. "माझं घरात कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकेल ती."

या वाक्याचाच मिरानला वीट आला होता. ती स्वतः एकोणिसाव्या वर्षी एका स्टुडिओत केबली गुंडाळायला लागली होती. तीन वर्षं शिव्या खाल्ल्या. मग एक दिवस मुख्य इंजिनियर तापाने फणफणला, म्हणून ती त्याच्या खुर्चीत बसली, ती आजतागायत उठली नव्हती. प्रमाणपत्र तिला कुणी कधी विचारलं नाही. उलट प्रमाणपत्रं घेऊन तिच्याकडे आलेल्यांनी पहिल्याच आठवड्यात गायिकांना रडवलं होतं.

तिने तेच सांगितलं, आणि गोडीगुलाबीने नाही. कॉलेजात यंत्रं शिकवतात. माणूस बिचकला की त्याचा आवाज कुठे अडकतो, हे तिथे कुणाला माहीत नसतं.

"कान कॉलेजात मिळत नाहीत, म्योंगसाहेब. ते असतात, नाहीतर नसतात."

इनशिक नुसते गुडघे चोळत राहिला. सोयुलने मात्र पहिल्यांदाच सोफ्याला पाठ टेकली. बापाचा उतरलेला चेहरा बघून मिरानला आपलीच चीड आली, आणि आली म्हणून आणखी चीड आली. हा माणूस खरं काय ते ऐकायला आलाच नव्हता. त्याला एक साक्षीदार हवा होता. मग आधीच तसं सांगायचं होतं.

विषय एकदाचा संपावा म्हणून ती खुर्ची फिरवून मिक्सरकडे वळली. दुपारी कारखान्यात पाठवायची तबकडी तयार होती. पंच्याहत्तरीच्या एका बाईंचं हेगमवादन, गजाने वाजवायच्या त्या दोनतारी वाद्यावरच्या नऊ रचना. चार महिने तिने त्यावर घालवले होते.

"हे ऐक," ती सोयुलला म्हणाली. "गजाआधी बाई श्वास घेतात तो ऐक. हे कुठल्या पुस्तकात आहे ते सांग मला."

सोयुल पुढे सरकून ऐकू लागली. पहिली रचना संपली. दुसरी अर्ध्यावर आली, तेव्हा तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम, ती शिट्टी मुद्दाम ठेवलीय का?"

"कुठली शिट्टी?"

"बारीक आहे. सुरुवातीपासून वाजतेय."

मिरानने पुन्हा पहिल्यापासून लावलं. काही नव्हतं. हेडफोन चढवले. श्वास होता, गज होता, तारेची थरथर होती, बाकी काही नव्हतं. मग मुलीची खोड मोडायची म्हणून तिने पडद्यावर सुरांच्या उंचीचा आलेख उघडला. वाद्याच्या रेषा लवलव हलत होत्या. त्यांच्या खूप वर, पंधरा हजार हर्ट्झच्या आकड्याशी, एक आडवी रेघ ताठ होती आणि ती हलत नव्हती. बाईंच्या पुढ्यात नवा दिवा लावला होता, त्याची असणार. मिरानने एकेक रचना उघडून पाहिली. नऊच्या नऊ रचनांत ती होती.

काढून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. मिरानचा हात माऊसवर तसाच राहिला.

"आमच्याकडे दर सहामाहीला कान तपासतात," सोयुल हळू आवाजात म्हणाली. "सगळे हसायचो आम्ही त्याला. तुम्ही शेवटचे कधी तपासलेत?"

मिरानने कधीच तपासले नव्हते. बत्तीस वर्षांत तिला कोण सांगणार होतं? शिव्या देणाऱ्या त्या इंजिनियरला शेवटी शेवटी फोनवरचं काही ऐकू येत नसे. तो ओरडून बोलायचा, आणि तीसुद्धा इतरांबरोबर तोंड फिरवून हसायची.

तिने हेगम बंद केलं. बाईंचा श्वास बंद केला. फक्त ती रेघ ठेवली आणि आवाज वाढवत नेला. मिक्सरवरचे हिरवे दिवे पिवळे झाले, पिवळ्यांचे लाल झाले. खोलीत अगदी शांत होतं. सोयुलने डोळे मिटून दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून धरले.

इनशिकने आधी लेकीकडे पाहिलं, मग मिरानकडे. मग तो अदबीने जरा पुढे झुकला.

"मॅडम," त्याने विचारलं, "सुरू झालं का?"