हरताळातली फटफटी

गिरगावच्या दोन खोल्यांत नऊ माणसं. म्हणून अच्युत दर रविवारी जुनी फटफटी काढून शिवडीच्या खाडीपर्यंत एकटाच जाऊन येई. तिच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येत नसे, हा मुख्य फायदा. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला, रस्ते ओस पडले, तेव्हा तर त्याला राहवेना.

लालबागला गिरणी कामगारांनी अडवलं. "हरताळ ठाऊक नाय काय? काढ रे हिची हवा!"

"अहो, समितीच्याच कामाला चाललोय," अच्युतने थाप मारली.

"मग आधी नाय सांगायचं, साहेब!" त्यांनी हँडलला झेंडा बांधला आणि त्याला मोर्चाच्या पुढे घातलं. परळला पोलिसांनी पुढारी समजून पहिलं त्यालाच उचललं. पुढारी बाकीच्यांना भडकावतो, म्हणून त्याला वेगळ्या कोठडीत एकट्यालाच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको सुमती डोळे पुसत भेटायला आली. "अहो, धीर धरा. मामंजी वकिलांकडे गेलेत. संध्याकाळपर्यंत घरी याल."



अच्युतने कोठडीकडे एकवार मायेने पाहिलं. "एवढी घाई करू नका म्हणावं."