ताठ मान

"डोकं दुखतंय?" बाटली लावण्याआधी गावित सिस्टरांनी विचारलं.

"नाही," मी खोटं बोलले. कालच्या बाटलीपासून डोकं फुटत होतं. पण दर महिन्याला दोन दिवस मिळणारं हे रोगांशी लढणारं इम्युनोग्लोब्युलिन चुकलं, की साधी सर्दीही मला आयसीयूत नेते.

सिस्टर आज रिटायर होणार होत्या. त्यांनी हातावर पेढा ठेवला, तशी मी नमस्काराला वाकले. कंबर वाकली, मान मात्र लाकडासारखी ताठच राहिली.

त्यांनी मला खांद्याला धरून बसवलं. "हनुवटी छातीला लाव."

लागेना.

"औषध बंद नका ना करू," मी रडकुंडीला आले.

"बंद नाही, आजच्यापुरतं थांबवतेय. या औषधानं कधीकधी मेंदूच्या आवरणाला सूज येते, मग डोकं दुखतं, मान ताठते. डॉक्टर बघतील, पुढच्या वेळी हळू सोडतील." त्यांनी बाटली ट्रेमध्ये परत ठेवली. "नमस्कार राहिलाय तुझा. मान वाकली की घ्यायला येईन."