डॉक्टर गाडीत का येतो

चढावर शिंप्याच्या बायकोची सायकल डगमगली, तसा दातांच्या डॉक्टरने मागून तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे रेटलं. शिंप्याने ते गाडीच्या आरशात पाहिलं. त्याने उगाचच हॉर्न वाजवला. दोघांनी हसून त्याला हात केला, तोही एकाच वेळी.

किडनीच्या रुग्णांसाठी निधी जमवायला वीस-बावीस सायकलवाले समुद्रापर्यंत निघाले होते. बायको शाळेत खेळाची शिक्षिका. पन्नाशी उलटली तरी पाय शाबूत. शिंप्याचे गुडघे मात्र मशीन मारून मारून कामातून गेलेले, म्हणून तो सोबतीला गाडी हाकत होता. भाड्याने आणलेलं चाकांवरचं घरच ते. मागे दोन पलंग, एक शेगडी, एक बेसिन. चहा त्याने करायचा, घामट कपडे त्याने धुवायचे, पंक्चर त्याने काढायचं. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. तक्रार होती ती डॉक्टरबद्दल.

चार वर्षांपूर्वी शिंप्याच्या किडन्या निकामी झाल्या. बायको आपली एक द्यायला एका पायावर तयार होती, पण ती त्याला जुळेना. तिकडे या डॉक्टरच्या घरीही तीच रड. मग इस्पितळाने अदलाबदल जुळवून आणली. डॉक्टरच्या बायकोची शिंप्याला आणि शिंप्याच्या बायकोची डॉक्टरला. चौघंही ठणठणीत घरी गेली. पुढे डॉक्टरची बायको रस्ता ओलांडताना ट्रकखाली सापडली. बिचारी. शिंप्याला तिचा चेहराही आता धड आठवत नव्हता. त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता तो डॉक्टर. देखणा, एकटा, केस अजून काळेभोर, आणि आत शिंप्याच्या बायकोचा तुकडा. "माझ्या बायकोच्या जिवावर उड्या मारतोय," शिंपी स्वतःशी पुटपुटायचा. हे अक्षरशः खरं असल्यामुळे त्याला जास्तच झोंबायचं.

थांबा आला की बाकीचे सायकलवाले झाडाखाली आडवे व्हायचे. हा गृहस्थ मात्र तडक गाडीत. "आज कसं वाटतंय? गोळ्या घेतल्या ना? पाय सुजले नाहीत ना?" एवढं विचारून झालं की समोरच्या पलंगावर बसायचा, तो उठायचं नाव घ्यायचा नाही. चौकशी नवऱ्याची आणि लक्ष बायकोवर, असं शिंपी मनात म्हणायचा आणि त्याच्यापुढे कप जरा जोरातच आदळायचा.

शेवटच्या दिवशी सकाळी त्याने विषय काढलाच.

"हा आपल्याच गाडीत का घुटमळतो गं?"

"तुमच्या रूपावर भाळलाय," बायको हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. मग तिचं हसू ओसरलं. "आज मी पुढच्या बायकांबरोबर जातेय. डॉक्टरांना आज जरा सांभाळून घ्या."

"का? दात येतायत का त्यांना?"

पण तिची सायकल एव्हाना वळणाआड गेली होती.

शिंप्याचा तिळपापड झाला. आपल्याला सोडून तिला डॉक्टरची काळजी! गाडी चालवताना त्याने बोलायची सगळी वाक्यं मनात नीट बेतून ठेवली. भीडभाड न ठेवता आज सोक्षमोक्ष लावायचा. दुपारच्या थांब्यावर त्याने चहा केला नाही. शेगडीसुद्धा पेटवली नाही. पलंगावर हाताची घडी घालून तो वाट पाहत बसला.

सगळ्यांच्या मागून डॉक्टर आला. सायकल गाडीला टेकवून तो दाराच्या पायरीवर चढला.

"ती इथे नाही," शिंपी म्हणाला. "केव्हाच पुढे गेली."

"ठाऊक आहे. मीच म्हटलं त्यांना, तुम्ही व्हा पुढे."

"मग इथे तुमचं काय काम आहे?"

डॉक्टरने हेल्मेट काढलं. एरवी बत्तिशी दाखवल्याशिवाय न बोलणारा हा माणूस आज ओठ घट्ट मिटून उभा होता. शिंप्याने मनात बेतलेली वाक्यं तोंडाशी आणली, आणि मग त्याच्या लक्षात आलं की डॉक्टर त्याच्या तोंडाकडे बघतच नाहीये. त्याची नजर खिळली होती शिंप्याच्या सदऱ्याच्या शेवटच्या बटणापाशी, पोटाच्या उजव्या बाजूला, जिथे शस्त्रक्रियेची जुनी खूण होती.

"दोन वर्षं झाली आज तिला जाऊन," डॉक्टर म्हणाला. "थोडा वेळ तिच्याजवळ बसू का?"