नदीकडे पाठ

सहलीतल्या त्या आजींनी मास्तरीणबाईंचं डोकं उठवलं होतं. हजार वर्षांच्या खांबांपुढे उभं राहूनही आजींचं लक्ष गाईडच्या तोंडाकडे. जुन्या शहराच्या वेशीत सगळे माना वर करून कमान बघत होते, तर या म्हणतात कशा, "साहेब, सकाळपासून पोटात काही गेलंय का तुमच्या?" गाईड बिचारा कावराबावरा!

शेवटी नदीतल्या सफरीला लोक बोटीच्या कठड्याला चिकटले. आजींनी मात्र खुर्ची फिरवली आणि नदीकडे पाठ करून, माईकवर बोलणाऱ्या गाईडसमोर ठाण मांडलं.

मास्तरीणबाईंना राहवेना. "अहो आजी, एवढे पैसे भरून आलात आणि काहीच बघत नाही?"

"बघतेय की, डोळे भरून," आजी हळूच म्हणाल्या. "सीझनभर माझा लेक घरी फिरकत नाही. म्हटलं, आपणच तिकीट काढावं."