बावीस वर्षांपूर्वीची दाढ

"सापडला नाही म्हणून सांगा," डॉक्टरीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "बावीस वर्षांपूर्वीचा एक्स-रे. कोण विचारतंय आता?"

"तेच विचारताहेत ना," फोटोताई म्हणाल्या.

काचेपलीकडे काका बसले होते. सत्तरी ओलांडलेले, शर्टाला कडक इस्त्री, पण गळ्याजवळचं बटण तुटलेलं. दवाखाना उघडायच्या आधीपासून दारात उभे होते. त्यांना स्वतःच्या वरच्या डाव्या दाढेचा जुना फोटो हवा होता. आणि ती दाढ तर डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी तेव्हाच काढून टाकली होती.

"दाढ परत मागत नाहीये," काका सकाळी म्हणाले होते. "फोटो तेवढा द्या."

नसलेल्या दाढेचा फोटो माणूस कशाला मागेल? डॉक्टरीणबाईंना एकच कारण सुचत होतं, तक्रार. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं.

फोटोताईंना खऱ्या नावानं हाक मारणारं दवाखान्यात कोणी उरलं नव्हतं. तीस वर्षं त्या दातांचे फोटो काढत होत्या. पूर्वी टपालाच्या तिकिटाएवढी फिल्म तोंडात ठेवायची आणि पेशंटनं ती बोटानं दाबून धरायची. मग लाल दिव्याच्या खोलीत औषधात बुडवून, पाण्यात धुऊन, चिमटा लावून तारेवर वाळवायची. आता दाताशी चपटा सेन्सर धरला, की पापणी लवायच्या आत दात पडद्यावर हजर. ताईंचा हात दोन्हींवर बसलेला. सेन्सर इतका अलगद ठेवायच्या, की उलटीची धास्ती घेतलेला पेशंटही विचारायचा, "झालं पण?"

सध्या त्या जुन्या फिल्मा एकेक करून स्कॅन करत होत्या. एक प्रत दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेर, दवाखाना जळाला तरी वाचेल अशी. स्कॅन झालेली फिल्म पोत्यात जायची. तिच्यातली चांदी काढून घेणारा माणूस दुपारी पोती न्यायला येणार होता. तीस वर्षांत ताईंच्या हातून एकही फोटो हरवला नव्हता.

काकांची फिल्म अजून पाकिटातच होती. ताईंनी ती उजेडासमोर धरली. दाढेच्या मुळावर बोटाचं टोक आलं होतं. अर्धं मूळ झाकलेलं. असा फोटो तेव्हाच पुन्हा काढायला हवा होता. त्यांनी काढला नव्हता, आणि दाढ तशीच काढली गेली होती.

"हा बाहेर गेला तर बाबांचं नाव मातीत जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूळ न बघता दाढ काढली म्हणतील. पोतं दुपारी जाणारच आहे, ताई. टाका त्यात."

ताईंनी स्कॅनरचं झाकण उघडलं.

"हरवला म्हणायला माझी जीभ रेटत नाही, बाई," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फिल्म स्कॅनरवर ठेवली.

काका आत आले. डॉक्टरीणबाई दारातच हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"बसा काका. काकूंनाही पाठवा की तपासायला," ताई उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या. "कितीतरी दिवसांत फिरकल्या नाहीत."

"नाही यायची ती आता."

"रागावल्या की काय आमच्यावर?"

काकांचा हात गळ्याजवळच्या तुटलेल्या बटणाकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी ताईंकडे पाहिलं. ऐकलंत ना, असं ती नजर म्हणत होती.

फोटो पडद्यावर आला.

"काका, आधीच सांगते," ताई म्हणाल्या. "हा फोटो बिघडलाय. तुमचं बोट मध्ये आलं. मी पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. मोठ्या डॉक्टरांचा यात काही दोष नाही. तक्रार लिहायचीच असेल, तर माझ्या नावानं लिहा."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हे मोठं होतं का?"

"होतं की. दाढ मोठी करू?"

"दाढ राहू द्या हो. बोट."

ताईंनी बोट मोठं केलं. पडदाभर राखाडी हाड पसरलं. टोकाशी एक बारीक पांढरी रेघ होती.

"फिल्मवर ओरखडा पडलाय," ताई म्हणाल्या. "थांबा, पुसून देते."

"हात लावू नका त्याला!"

काका इतक्या जोरात ओरडले, की डॉक्टरीणबाईंची घडी सुटली. मग ते खुर्चीत मागे टेकले.

"आणि बोट माझं नाही ते. मी इतका भ्यालो होतो, की खुर्चीचे हात सोडायला तयार नव्हतो. फिल्म आमच्या हिनं धरली होती." त्यांनी पडद्यावरच्या रेघेवर हलकेच बोट टेकवलं. "सुईचं टोक आहे हे. शिवणाच्या मशीनवर मोडून आत राहिलं होतं. शेवटपर्यंत काढू दिलं नाही तिनं."