कोठ्याची चौकट

बैलांच्या कोठ्याची सगळी लाकडं गाडीत चढली होती. खाली राहिली होती फक्त दाराची चौकट, आणि तिच्यावर दुर्गाबाई बसल्या होत्या.

फारुख मघापासून त्यांच्याभोवती घिरट्या घालत होता. तेल्हाऱ्याचा हा जुन्या लाकडांचा व्यापारी. त्या वर्षांत त्याची गाडी सारखी कुठल्या ना कुठल्या गावात उभी असे. ज्वारी गेली, कडबा गेला, मागोमाग बैल गेले. मग कोठे तरी कोणासाठी उभे राहणार? शेवटी तो पाण्याचा गडवा घेऊन आला.

"घ्या मावशी, पानी प्या. अन् उठा आता. अंधाराच्या आत अकोल्याले पोचा लागते मले."

"त जाय ना. मी काय तुयी गाडी धरून बसली?"

"गाडी नाही धरली, पन गाडीचा जीव धरून बसल्या ना तुमी!" फारुख हसला. "बाकी सब लाकूड मागून इकन मी. हॉटेलवाल्याले आज पाह्यजे ते हेच."

दुर्गाबाईंनी चौकटीवरून हात फिरवला. सागाची, एकही खिळा नसलेली, लाकडाच्याच खुंट्यांनी जोडलेली. दोन्ही बाजूंना बैलांची अंगं घासून घासून ती काळी, गुळगुळीत झाली होती. लग्नाच्या दिवशी दमणीत बसण्याआधी त्यांनी तिला हळद लावली होती. घरच्या सगळ्याच मुली लावून जात. दमणीला जुंपायची बैलजोडी याच दारातून बाहेर येई. हळद कोणत्या बाजूला लावली होती, ते मात्र आता आठवेना.

"कुठं लावतीन हिले?"

"हायवेवर, हॉटेलच्या तोंडाशी. गावासारखं दिसलं पाह्यजे म्हन्ते तो. फक्त खालून हातभर उंच करनार हाये."

"काहून?"

"बुटकी हाये ना, मावशी. गिऱ्हाइकाचं डोकं आपटन."

"आपटन म्हनूनच बुटकी केली बाप्पा! जनावराच्या घरात मालकानं वाकून जावं, म्हने आमचा बाबा."

रामराव, त्यांचा धाकटा भाऊ, लिंबाखाली नवा खुंटा ठोकत होता. दुर्गाबाई पहाटेच्या एसटीने अमरावतीहून आल्या तेव्हापासून तो त्यांची नजर चुकवत होता.

"ताई, एका बैलासाठी आख्खा कोठा राखू काय मी? पावसाचं पानी वरून गयते, खालून ओल. टिनं टाकून देतो ना त्याच्यासाठी इथं लिंबाखाली."

"कोठा जाऊ दे म्हनलं ना मी? दार ठेव."

"भिंत नाही, छप्पर नाही, अन् नुसतं दार ठेवू? लोक हासतीन मले."

"हासू दे. चौथीत दोनदा बसला तवाबी हासलेच होते."

फारुखने हसू दाबायला तोंड फिरवलं. रामरावने खुंट्यावर एक घाव उगीचच जास्त घातला.

सूर्य कलला तसा सालदार देवमन बैल घेऊन शेतातून आला. कवड्या आता म्हातारा झाला होता; त्याचा जोडीदार मागच्या उन्हाळ्यात गेला. नव्या खुंट्याशी कुटाराचं टोपलं भरून ठेवलं होतं. देवमनने दावं सैल सोडलं.

बैलाने टोपल्याकडे पाहिलंही नाही. तो कोठ्याच्या जागेकडे चालू लागला. तिथे आता काही नव्हतं. भिंतींची मातीसुद्धा पसरून सपाट केली होती. एका ठिकाणी तो थांबला. मान खाली घातली. एक शिंग आधी आत घालावं तशी मान कलती केली, मग दुसऱ्या बाजूला. उंबरठा ओलांडावा तसा पुढचा पाय उचलला, आणि आत गेला. चार पावलं जाऊन, गव्हाण होती तिकडे तोंड करून, आपल्या जागी उभा राहिला.

गाडीवर दोर आवळणाऱ्या माणसाचा हात थांबला.

"त्याले सांगतलंच नाही कोनं," दुर्गाबाई म्हणाल्या.

रामरावने टोपलं उचलून कमरेशी धरलं आणि बैलाकडे निघाला. जमीन सगळीच मोकळी होती. सरळ गेला असता तरी पोचला असता. तो वळसा घालून दाराच्या जागेवर आला. तिथे टोपलं सावरत वाकला, आणि मग आत गेला.

दुर्गाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या, लुगड्याची धूळ झटकली.

"उचल बाप्पा आता," त्या फारुखला म्हणाल्या.